ओळखीपुरती माणसे आणि जिन्यातली मांजर

वाचकहो, आज सकाळपासून आपण किती जणांशी बोललात, याचा एकदा हिशेब करून पाहा. घरातली माणसे त्यात धरू नका, फोनवरचे नातलगही वगळा. इस्त्रीवाला, भाजीवाली, फाटकावरचा पहारेकरी, खालच्या मजल्यावरच्या काकू, जिन्याखाली मांजरीला खायला ठेवणारी ती महाविद्यालयातली मुलगी, अशांशी झालेली दोन-दोन वाक्येच तेवढी मोजा. काहींचा आकडा दहाच्या पुढे जाईल. काहींचा शून्यावरच थांबेल, आणि हे शून्य आजवर त्यांच्या ध्यानातही आलेले नसेल. रक्तदाब किती आणि साखर किती, हे आपल्याला तोंडपाठ असते. हा तिसरा आकडा मात्र आपल्याला कोणी विचारत नाही.

या पंधरवड्याचा लेख त्या तिसऱ्या आकड्याविषयी आहे. विषय वरकरणी अगदी साधा: शेजारपाजार, सोसायटीतली मांजर, एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी खाऊची वाटी आणि हौसेने काढलेली छायाचित्रे. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणाऱ्या माणसाची, विशेषतः उतारवयातील माणसाची प्रकृती या साध्या गोष्टींवर आपण मानतो त्याहून अधिक अवलंबून असते. आणि जुन्या इमारती पाडल्या जात असताना त्यांच्याबरोबर या गोष्टीही नकळत पाडल्या जात आहेत.

हद्दीत आलेली गावे

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ती प्रथम ओळखली. दाटीवाटीच्या वस्तीत हवा आणि उजेड नसेल तर रोग फोफावतो, हा विचार त्या साथीने सर्वांच्या मनावर ठसवला. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढील दशकांत रेल्वेच्या दोन्ही मार्गांवरील साष्टीची गावे नोकरदार कुटुंबांना जवळची वाटू लागली. मोकळ्या हवेची ओढ हे उपनगरांच्या वाढीमागचे एक कारण होते, हे आज वाहनांच्या गर्दीत उभे असताना खरे वाटत नाही.

ही गावे महानगरात विलीन झाली तीही टप्प्याटप्प्याने. १९५० साली महापालिकेची हद्द अंधेरी आणि घाटकोपर ओलांडून उत्तरेकडे सरकली. बोरिवली आणि मुलुंड तिच्यात आले ते १९५७ साली. म्हणजे आज पंचाहत्तरी गाठलेला जुना बोरिवलीकर मुंबईत जन्मलाच नव्हता, तो गावात जन्मला होता. पुढे चाळी उठल्या, तीन-चार मजली सोसायट्या आल्या, तरी त्या गावाची रीत टिकून राहिली. दार दिवसभर उघडे असे. आजारी माणसाची वर्दी डॉक्टरच्या आधी शेजाऱ्याला मिळे. मुलुंड, घाटकोपरच्या एकेका जिन्यात मराठी आणि गुजराती स्वयंपाकांचे वास एकमेकांत मिसळत. गोराई आणि वेसाव्याला कोळीवाड्यांत बोंबील वाळत असत, ते आजही वाळतात. महानगराच्या पोटात लहान गाव जगत राहिले, ते अशा रोजच्या देवाणघेवाणीवर.

ओळखीचे मोल

एकटेपणाकडे आजवर आपण मनाचा विषय म्हणून पाहत आलो. वैद्यकशास्त्र आता त्याच्याकडे शरीराचाही विषय म्हणून पाहू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार, म्हणजे दर तासाला सुमारे शंभर असावी, असा अंदाज आहे. त्याआधी २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळली.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणूनही त्याचे संबंध कमी झालेले असू शकतात. तेव्हा सगळा दोष एकटेपणाच्या माथी मारता येणार नाही. तरीही इतक्या अभ्यासांनी एकाच दिशेला बोट दाखवावे, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

संबंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिवलग मित्र आणि कुटुंबीय येतात. परंतु २०१४ साली गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या संशोधक महिलांनी एक वेगळी बाब दाखवून दिली. ज्या दिवशी माणसे ओळखीपुरत्या लोकांशी नेहमीपेक्षा अधिक वेळा बोलतात, त्या दिवशी त्यांना अधिक प्रसन्न वाटते आणि आपण कुठल्यातरी समूहाचे आहोत, ही भावना बळावते. जिवलग मैत्रीची जागा ही ओळख घेत नाही. तिचे काम निराळे आहे. जिवलग मित्रापाशी आपण मन मोकळे करतो. ओळखीच्या माणसापाशी आपण फक्त दिसतो. ‘दोन दिवस दिसला नाहीत?’ हे वाक्य उच्चारणारे कोणीतरी असणे, हाच त्या ओळखीचा लाभ. घरात पडलेल्या एकट्या वृद्धाला वेळेवर मदत मिळते, ती पुष्कळदा या एका प्रश्नामुळे.

अडचण एवढीच, की ओळख ठरवून होत नाही. तिला निमित्त लागते. लहान मूल हे एक निमित्त. पण मुले मोठी होतात, परगावी जातात. उतारवयात हाताशी उरणाऱ्या निमित्तांत मांजर, वाटी आणि कॅमेरा ही तीन फार सोयीची आहेत. त्यांचा एकेक विचार करू.

मांजर: सर्वांची आणि कोणाचीच नाही

सोसायटीतल्या मांजरीला मालक नसतो, म्हणूनच ती ओळखीचे उत्तम निमित्त ठरते. तिची पिल्ले किती, ती काल कुठे होती, तिच्या पायाला काय झाले, हे प्रश्न अनोळखी माणसालाही विचारता येतात. आपल्याकडे आडव्या गेलेल्या मांजराला अपशकुनी ठरवण्याची खोड आहे. परंतु याच महाराष्ट्रात तिला रोगनिवारक मानणारा एक डॉक्टर होऊन गेला. अमरावतीला नेमणूक असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून, प्लेग रोखण्यासाठी घरोघर मांजरे पाळावीत, असे मत मांडले होते. जेथे मांजरे तेथे उंदीर कमी, आणि उंदीर कमी तेथे प्लेग कमी, असा त्यांचा विचार होता.

मांजर घराचा लळा धरते, माणसाचा नाही, हाही आपला जुना समज. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठात २०१९ साली झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पिल्लांनी आपल्या पालनकर्त्याशी सुरक्षित जवळीक असल्याची चिन्हे दाखवली. लहान बाळे आईच्या बाबतीत दाखवतात, तशीच. त्याच वर्षी जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले की पाळीव मांजरे इतर शब्दांतून आपले नाव वेगळे ओळखतात. हाकेला ती येत नाहीत, याचा अर्थ त्यांना कळत नाही असा मुळीच नव्हे! आणि २०२० साली इंग्लंडमधील अभ्यासात आढळले, की माणसाने मांजरीकडे पाहून डोळे संथपणे अर्धवट मिटले व उघडले, तर तीही तसेच करते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. मांजरीशी ओळख करून घ्यायची असेल तर हात पुढे करण्याआधी हे करून पाहावे.

माया असली तरी तिला शिस्त हवी. पहिली शिस्त खाण्याची. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, त्याने त्यांना जुलाब होतात. पिण्यास स्वच्छ पाणी ठेवावे. मांजर हा मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य तिला प्राणिज आहारातूनच पुरेसे मिळते आणि ते कमी पडले तर दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. म्हणून वरणभातावर तिला ठेवू नये. मासळी द्यायची तर मीठ-मसाल्याविना उकडून, काटे काढून द्यावी. कांदा आणि लसूण तिला विषासमान आहेत, तेव्हा रश्शात बुडवलेली पोळी देणे म्हणजे दया नव्हे. आणि एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी: तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आजारी मांजरीला घरातले कोणतेही औषध देऊ नये, पशुवैद्याकडे न्यावे.

दुसरी शिस्त जागेची. अन्न एका ठरलेल्या कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी, दिवसाउजेडी ठेवावे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून जागा धुवावी. उरलेल्या अन्नावर उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मूत्रातून पावसाच्या साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो आजार चांगलाच अनुभवला आहे. बोरिवली आणि मुलुंड या दोन्ही बाजूंनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांनी तर रात्री बाहेर अन्न किंवा कचरा अजिबात राहू देऊ नये. त्या अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

तिसरी शिस्त संख्येची. मादी साधारण चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. निर्बीजीकरण केले नाही तर एका मांजरीच्या वर्षभरात कितीतरी मांजरी होतात, मग सोसायटीत दोन तट पडतात. ज्या मांजरीमुळे माणसे बोलू लागली, तिच्याचमुळे ती बोलेनाशी होतात. खायला घालणाऱ्यांनी निर्बीजीकरणाची जबाबदारीही घ्यावी आणि ज्यांना मांजरीचे वावडे आहे, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकावे. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या रुग्णाची तक्रार खोटी नसते. मांजरीच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनाने त्याला खरोखरच त्रास होतो.

चावली किंवा ओरखडले तर

येथे थोडे थांबून वाचावे. रेबीज बहुतांशी कुत्र्यापासून होत असला तरी तो मांजरीच्या चाव्यातूनही होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. मांजर चावली किंवा तिच्या नखाने रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटे आपल्याला वाटतात त्याहून लांब असतात. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. यातला एकही चुकवू नये. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते.

मांजरीचा दात सुईसारखा असतो. वरून ठिपका दिसतो, पण जंतू खोलवर जातात. हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांनी याबाबत अधिक दक्ष राहावे.

गर्भवतींना घरातली मांजर काढून टाकायला सांगितले जाते. त्याची सहसा गरज नसते. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती खरी आहे. पण तो मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा विष्ठेची पेटी रोज साफ करावी आणि ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे. कच्चे राहिलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही तो तितक्याच सहजपणे पोटात जातो, याचा मात्र विसर पडतो.

वाटी रिकामी परत जात नाही

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देऊ नये, ही आपल्या घरांतली जुनी रीत. काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यावी. या रीतीमागचा हिशेब फार शहाणपणाचा आहे. वाटी परत करताना तीत काहीतरी गेले, की देणेघेणे कधी फिटत नाही. आणि फिटत नाही म्हणून येणेजाणे थांबत नाही. अळूवड्या वर जातात, थेपले खाली येतात. संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडयांचा ओला चीक, कोजागरीला मसालादूध. घराघरांतल्या बातम्या या भांड्यांबरोबर फिरतात.

प्रकृतीच्या दृष्टीनेही वाटी हे माप चांगले. शेजारून आलेला शिरा परातभर नसतो, वाटीभर असतो, आणि तो चौघांत वाटला जातो. एकट्या माणसाचा आहार हळूहळू चहा-बिस्किटांवर येतो, ही डॉक्टरांना परिचित असलेली गोष्ट आहे; स्वतःपुरते कोण शिजवणार, हा त्यामागचा विचार. दुसऱ्याला द्यायचे असेल तर भाजी चिरली जाते, उसळ भिजत घातली जाते. द्यायच्या निमित्ताने स्वतःचेही जेवण होते. म्हणून एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याला फक्त डबा देऊ नका, त्यांच्याकडून काहीतरी मागाही. ‘तुमच्या हातचे मेतकूट संपले हो,’ या एका वाक्याने जे होते, ते टॉनिकच्या बाटलीने होत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये; मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः दूध, ओले खोबरे आणि भाताचे पदार्थ यांच्या बाबतीत हा नियम कसोशीने पाळावा. आणि मीठ-साखरेचा हात आखडता ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आतच मीठ घ्यायला सांगते. शेजारी मधुमेही आहेत की रक्तदाबाचे रुग्ण, हे ठाऊक असणे हाही शेजारधर्मच आहे.

पाहायला शिकवणारा कॅमेरा

हौशी छायाचित्रणाशी मुंबईच्या डॉक्टरांचे नाते फार जुने आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेले, स्वतः कॅमेरा हाताळणारे वैद्य होते. त्या काळी एका चित्रासाठी काच, रसायने आणि अंधारी खोली यांचा सारा संसार मांडावा लागे. आज तो कॅमेरा आपल्या खिशात असतो, आणि म्हणूनच आपण पाहायचे विसरतो.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला लिंडा हेन्केल यांचा प्रयोग येथे मार्गदर्शक आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंची लोकांनी नुसती छायाचित्रे घेतली, त्या त्यांना कमी आठवल्या. ज्या केवळ पाहिल्या, त्या अधिक. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या तपशिलावर कॅमेरा रोखून चित्र घेतले, त्यांची स्मृती उणावली नाही. यातून घ्यायचा बोध सोपा आहे. शंभर चित्रे टिपू नका. एक टिपा, पण त्याआधी मिनिटभर पाहा. जिन्यातल्या मांजरीच्या कानावरचा ओरखडा, गवारीच्या ढिगावर पडलेले सकाळचे ऊन, कठड्यावर टेकलेला शेजारणीचा हात.

इंग्लंडमधील लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक छायाचित्र काढून ते इतरांना दाखवणाऱ्या काही लोकांचा अभ्यास २०१८ साली मांडला. अभ्यास लहानसा होता, परंतु त्यातील लोकांनी जे सांगितले ते ओळखीचे वाटेल: त्या एका चित्रासाठी आपण घराबाहेर पडलो, थोडे थांबून पाहिले, आणि त्यावरून इतरांशी बोलणे झाले. बाहेर पडणे हा व्यायाम, थांबणे ही विश्रांती आणि बोलणे हे औषध. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे सांगितले जाते. ‘चालायला जा’ म्हटले की जे आजोबा कंटाळा करतात, ते ‘आज आंब्याला मोहोर आला का ते पाहून या, फोटोही आणा’ म्हटल्यावर निघतात.

मांजरीचे चित्र तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून चांगले येते. गुडघे दुखत असतील तर खाली बसू नये. कमी उंचीच्या स्टुलावर बसून फोन खाली धरावा. फ्लॅश वापरू नये. माणसांचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये, आणि मुलांचे तर आईवडिलांच्या संमतीखेरीज मुळीच नाही. विचारण्यात संकोच वाटत असेल, तर लक्षात घ्यावे, की ते विचारणे हीच ओळखीची सुरुवात असते. आणि काढलेल्या चित्रांपैकी काही कागदावर छापून ठेवावीत. स्मृती मंदावू लागलेल्या माणसाच्या हातात जुने छायाचित्र दिले, तर पुष्कळदा त्यामागची हकीकत ओठांवर येते, आणि घरातल्या नातवाला तिच्यासोबत बसायला निमित्त मिळते.

इमारत रिकामी करताना

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. उपनगरांतल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. गळकी छते, उखडलेले गिलावे, उद्वाहनाअभावी घरातच अडकलेली वृद्ध माणसे पाहता तो आवश्यक आहे, यात वाद नाही. सभांमध्ये चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस यांवर रात्र-रात्र चर्चा होते. परंतु तीन-चार वर्षांसाठी वीस बिऱ्हाडे वीस दिशांना जाणार, तेव्हा त्यांच्यातल्या ओळखींचे काय, हा विषय कोणत्याही इतिवृत्तात येत नाही. तरुणांना नवा परिसर आठवड्यात आपलासा होतो. ऐंशीच्या आजींना नव्या इमारतीत कोणी ‘दोन दिवस दिसला नाहीत’ म्हणत नाही. त्यांच्या बोलण्याचा आकडा एका रात्रीत पंधरावरून शून्यावर येतो. महिन्या-दोन महिन्यांत झोप उडते, भूक मंदावते, आणि घरचे म्हणतात, वय झाले.

जिन्यातली मांजरही तेथेच उरते. तिला करारनामा वाचता येत नाही. पाडकाम सुरू झाले की ती बाहेर पळत नाही. भेदरून आतल्याच अडगळीत लपते.

दोन्हींची तरतूद आधी करता येते. इमारत रिकामी करण्यापूर्वीच्या महिन्यांत मांजरांचे निर्बीजीकरण व लसीकरण उरकावे, त्यांना कोण नेणार हे नावानिशी ठरवावे आणि गरज पडल्यास प्राणिकल्याण संस्थेची मदत घ्यावी. नव्या जागी नेलेल्या मांजरीला दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवावे. लगेच मोकळी सोडली तर ती जुन्या घराच्या शोधात रस्त्यावर येते. माणसांसाठी एक यादी करावी: सर्वांचे नवे पत्ते, फोन क्रमांक, आणि प्रत्येक एकट्या वृद्धाला आठवड्यातून दोनदा फोन करणारी एक व्यक्ती. महिन्यातला एक दिवस ठरवून जुन्याच परिसरातल्या बागेत किंवा देवळाच्या ओट्यावर भेटावे, डबे आणावेत. डॉक्टर शक्यतो जुनेच ठेवावेत. आणि इमारत उभी असतानाच तिची छायाचित्रे घ्यावीत. प्रवेशद्वाराची किंवा नामफलकाची घ्याच, पण जिन्याच्या झिजलेल्या पायरीची, दारावरच्या रांगोळीची, आणि त्या दारात उभ्या असलेल्या माणसांचीही घ्यावीत.

इतके करूनही घरातल्या कोणाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बिघडली, तर त्याला वयाचा दोष न मानता डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

या पंधरवड्यात

पुढील अंक हाती येईपर्यंत तीन गोष्टी करून पाहाव्यात. रोज रात्री औषधाच्या गोळीबरोबर आपल्या बोलण्याचा आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहावा. आठवड्यातून एकदा एक वाटी शेजारी जाऊ द्यावी, आणि ती ज्यांच्याकडून बरेच दिवसांत काही आले नाही, अशांच्या दारी जाऊ द्यावी. आणि दिवसाआड एक छायाचित्र काढून ते एका माणसाला प्रत्यक्ष, समोर उभे राहून दाखवावे. फोनवरून पाठवलेले या हिशेबात धरू नये.

पंधरा दिवसांनी आकडे पाहा. ज्या घरात ते सतत शून्य दिसतील, त्या घराची कडी उद्या सकाळी आपणच वाजवायची आहे.